व्याह्यायले आडवं पाडलं

हार मीच आणला होता, हे पहिलेच कबूल करून टाकतो. चांगला अडीच किलोचा हार. दुर्गच्या फूलबाजारात सकाळी सातले जाऊन, हारवाल्याच्या डोक्यावर बसून गुंफवून घेतला. व्याह्याच्या गळ्यात पडणारा हार असा पाहिजे का पाहणाऱ्याची मान दुखली पाहिजे, असं आपलं मत. आता गेंद्याच्या, म्हणजे झेंडूच्या, फुलात एक मधमाशी दडून बसली आहे, हे मले कोण सांगणार होतं?

मी तेजराम. भिलाईच्या स्टील प्लँटच्या पंप हाउसात छत्तीस वर्षं काढली, दोन वर्षं झाले रिटायर होऊन. माझा राग नाकावर बसते, असं माझी बायको शेवंता म्हणते. तिचा राग कुठं बसते ते मी इथं सांगत नाही, कारण हे सगळं मले तिले वाचून दाखवाचं आहे.

आमची एकुलती एक पोरगी मोना. जुनवानीच्या एका दवाखान्यात इमर्जन्सीमध्ये सिस्टर आहे. तिचं लग्न जमलं बोरसीच्या अभिनवसोबत. पोरगा गुणाचा. पण पोराचे वडील, गुलाबराव! सहा फूट उंच, मिशीले पीळ, खुर्चीत बसले तरी पाठ टेकत नाहीत. रेल्वेतून रिटायर. चुकून कोणी ‘मालगाडीचे ड्रायव्हर’ म्हटलं तं लगेच दुरुस्ती, ‘लोको पायलट’. साक्षगंधाले चहा गार झाला होता, तं दोन महिने फोनवर मले त्या चहाची विचारपूस. तवाच मी ठरवलं होतं का लग्नाच्या दिवशी या माणसाले बोट ठेवायले जागाच सोडाची नाही. मोना त्या घरात जन्म काढणार होती. बापाच्या चुकीचा टोमणा पोरीले ऐका लागू नये, एवढीच माझी इच्छा.

फेब्रुवारीचा महिना, कुरुदचा लॉन, अकराची वेळ. वरात आली ते धुमाल घेऊन. धुमाल म्हणजे गाडीवर चढवलेला बँडच, वीस-पंचवीस ढोल-ताशे अन् डोक्याएवढे भोंगे. ते वाजायले लागले का माणसाचं काळीज स्वतःचं वाजणं सोडून त्याच्या तालावर वाजते. वऱ्हाडी नाचून नाचून घामेघूम. अभिनव घोडीवर. अन् पुढं गुलाबराव, कडक इस्त्रीच्या सफारीत, पाऊल मोजून टाकत.

मी हार घातला. टाळ्या झाल्या. अन् गुलाबरावायनं मानेवर एक थाप मारली.

“काय झालं?” मी.

“काही नाही. काहीतरी चावलं.”

पाहतो तं मधमाशी, मेलेली. काटा मानेत. त्यायच्या मंडळी सुशीलाबाई हसल्या, “सोनं नाही मिळालं मानपानात, पण मध मिळाला!” सगळे हसले, मीही हसलो, पण मनात धस्स झालं. गेले दोन महिने चहाचे, आता दोन वर्षं मधमाशीचे.

फटाफट खुर्ची दिली, बसवलं. नखानं काटा उपसून काढला. अन् मंग कोणीतरी म्हणालं, “चावल्या जागेवर लोखंड घासा.”

हे आमचं भंडाऱ्याकडचं गावठी औषध. माशी चावली का लोखंड घासाचं, वरून चुना लावाचा. गावात असतो तं कोणी विळा आणला असता, दोनदा घासला असता, विषय संपला असता. पण हे भिलाई. इथं लोखंडाच्या बाबतीत ज्याले त्याले पीएचडी. त्यात मांडवात अर्धे प्लँटवाले, अर्धे रेल्वेवाले.

माझा दोस्त रामाजी, रेल मिलचा, त्यानं खिशातून चाब्यांचा जुडगा काढला. गुलाबरावायचे साळे शेषराव रेल्वेत ट्रॅकवर होते, ते म्हणाले, “अरे पितळ आहे ते. लोखंड म्हणजे रुळाचं लोखंड.”

“अन् रूळ कोण बनवते गा?” रामाजी उसळला. “आमी बनवतो! तुमी फक्त त्याच्यावरून जाता!”

धुमालच्या गाडीतून पाना आला. “याले पॉलिश मारली आहे, हे नाही चालत.” आचाऱ्याचा झारा आला. “तेल लागलं आहे.” मंडपाचा खिळा आला. “गंजला आहे, धनुर्वात होईन.” लॅबमधून रिटायर झालेल्या एका काकानं तं लोखंडात कार्बन किती पाहिजे, यावर व्याख्यानच सुरू केलं. आता खोटं कशाले बोलू, मीही त्याच्यात. मी म्हटलं, बिडाचं लोखंड सगळ्यात थंड असते, लॉनच्या पंपाचं झाकण खोलून आणा! अन् दोन माणसं खरंच पंप खोलायले गेले. बारभाईचा कारभार, दुसरं काय. घड्याळ लावून दहा मिनिटं गेली.

तेवढ्या वेळात गुलाबरावायचा चेहरा लाल झाला. ते तळहात खाजवून राहिले होते. दोनदा खाकरले. मी इचारलं, “बरं वाटते ना?” ते म्हणाले, “एकदम.” आवाज जरा घोगरा वाटला मले. म्हटलं वरातीत ओरडले असतीन. हा माणूस जन्मात कधी वरातीत ओरडला असता का? पण अक्कल गहाण ठेवली का असंच सुचते.

शेवटी चुना लावला, अन् भटजी ओरडले, “मुहूर्त जाऊन राहिला, भेटी उरका!”

आता व्याहीभेट म्हणजे आमच्याकडं कुस्तीच. दोन व्याही गळ्यात गळा घालतात अन् एकमेकाले कमरेत धरून वर उचलतात. जो उचलन त्याची बाजू भारी. मी पंधरा दिवस अंगणात तांदळाचा कट्टा उचलून सराव केला होता. गुलाबराव उठले. जरासा झोल गेला, पण उठले. धुमालनं ताल वाढवला. पोरं शिट्ट्या मारायले लागले, “उचला! उचला!”

मी कमरेत हात घातला अन् उचललं. दोन बोटं वर आले. अन् एकदम जड झाले.

मले वाटलं, मुद्दाम अंग सोडून राहिले. जड होऊन मले हारवायचा डाव आहे म्हाताऱ्याचा! म्हणून मी दात-ओठ खाऊन अजून वर उचललं. पब्लिक बेभान. मी मान वर करून शेवंताकडं पाहिलं, पाह्य म्हटलं तुझ्या नवऱ्याची ताकद.

तवा त्यायचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. हात माझ्या मानेले लागला. बर्फासारखा गार, अन् घामानं ओला.

“गुलाबराव? ओ गुलाबराव!”

डोळे अर्धे उघडे. ओठ काळे-निळे. मी हात सोडला असता तं धाडकन पडले असते, म्हणून दोघा-तिघायनं धरलं अन् आमी त्यायले उभंच ठेवलं. “खुर्ची आणा!” “पाणी पाजा!” “कांदा हुंगवा!” एक म्हणते चपलेचा वास द्या. पण खाली निजवा असं एकाही शहाण्याच्या तोंडून निघालं नाही. कसं निघन? वरबाप! दारात आलेला वरबाप, त्याले मातीत निजवाचं? बोरसीत परत जाऊन लोकं काय म्हणतीन?

तेवढ्यात वधूच्या खोलीकडून आवाज आला, धुमालच्याही वर.

“बाबा, सोडा त्यायले! खाली निजवा! आत्ताच्या आत्ता!”

मोना. माशी चावल्याचं तिच्या कानावर गेलं होतं, अन् ती धावतच आली. हिरवा शालू गुडघ्यापर्यंत खोचलेला, एका कानात झुमका, एक कान मोकळा, पायात काहीच नाही. लग्न लागायच्या आधी नवरी मांडवाबाहेर, तेही सासऱ्यासमोर, तेही ओरडत! सुशीलाबाई म्हणाल्या, “अवं पोरी, खुर्चीवर बसवू दे त्यायले, खाली कसं...”

“बसवलं तं मरतीन!”

एवढंच म्हणाली. अन् माझ्या हातातून तिनं तिचा सासरा अक्षरशः हिसकून घेतला अन् सतरंजीवर उताणा केला. मंग इकडं तिकडं पाहिलं. बाजूलेच रुखवत मांडला होता. शेवंतानं दोन महिने खपून शंकरपाळ्यायची ब्लास्ट फर्नेस, म्हणजे प्लँटची लोखंड गाळायची भट्टी, बनवली होती, चकल्यायच्या चिमण्या, वर कापसाचा धूर. मोनानं तिच्या खालची लोखंडी पेटी ओढली. फर्नेस कोसळली. शेवंता किंचाळली. अन् मोनानं सासऱ्याचे दोन्ही पाय, बुटासकट, त्या पेटीवर ठेवले. पायाचे तळवे सरळ माझ्या सासऱ्याच्या अन् गावच्या पाटलाच्या तोंडाकडं!

“राम राम राम,” भटजी म्हणाले.

मी तिच्या कानाशी गेलो. “मोना, माय, काय करून राहिली तू? कुठं लागलं नाही, रक्त नाही निघालं...”

ती नाडी पाहत होती. मान वर न करता म्हणाली, “बाबा, ऐका. पंप चालू आहे. पाणी तेवढंच आहे. लीकेज कुठंच नाही. पण लाइनचे सगळे व्हॉल्व एकदम पूर्ण उघडले. हेडरवर काय होते?”

“प्रेशर पडते,” मी म्हटलं. हेडर म्हणजे पंपाचा मुख्य पाइप, हे झोपेतही सांगीन मी.

“अन् वरच्या मजल्यावर?”

बस. माझ्या डोक्यात दिवा लागला. सेक्टरच्या क्वार्टरमध्ये खालच्या सगळ्यायनं एकदम नळ सोडले का वरच्या मजल्यावर पाण्याचा थेंब चढत नाही. टाकी भरली असली तरी नाही चढत. मधमाशीच्या त्या इवल्याशा विषानं या सहा फुटी माणसाच्या अंगातल्या साऱ्या नळ्या ढिल्या सैल करून टाकल्या होत्या. रक्त होतं तेवढंच होतं, पण जोर संपला. अन् वरचा मजला म्हणजे डोकं! आमी या माणसाले उभं धरून राहिलो होतो, अन् त्याच्या वरच्या मजल्यावर पाणीच नव्हतं. मी तं अजून दोन बोटं उंच केलं होतं त्याले.

घाम फुटला मले. पण त्याच बरोबर अंगात अशी काही लहर आली का काय सांगू! छत्तीस वर्षात मले पहिल्यांदा डॉक्टरीतलं काही समजलं होतं.

तेवढ्यात गुलाबरावायनं डोळे उघडले अन् उठायले लागले. “सोडा मले. मी... मी ठीक आहे. उठू द्या.” अन् खरंच कोपर टेकवून उठले.

“बाबा, उठू नका देऊ!” मोना ओरडली.

अन् मी, मुलीचा बाप, ज्यानं सहा महिने या माणसासमोर आवाज चढवला नाही, मी त्यायच्या दोन्ही खांद्यावर हात टाकले अन् त्यायले जमिनीवर दाबून धरलं. “झोपा!” मी ओरडलो. “झोपा म्हणतो ना! वरच्या मजल्यावर पाणी नाही तुमच्या!”

शेषराव मधात आले, “ओ, हात कायले लावता आमच्या भाऊजीले?” मी म्हटलं, “शेषराव, एक पाऊल पुढं आले तं तुमालेही आडवं करीन!” रामाजी माझ्या बाजूनं छाती काढून उभा. दोनशे लोकं पाहून राहिले. धुमालवाल्यायले वाटलं का हा काही रिवाज आहे, त्यायनं अजून जोरात वाजवणं सुरू केलं.

मोनाचा एक हात नाडीवर अन् कानाले फोन. तिच्याच दवाखान्यात. “सर, मधमाशी चावली, साठ वर्षं, अंगावर पित्त, आवाज बसला, नाडी एकशे चाळीस, हाताले जेमतेम लागून राहिली. ॲड्रिनॅलिन भरून ठेवा, मी आणून राहिली.” मंग माझ्याकडं पाहून म्हणाली, “पर्समध्ये तीन लिपस्टिक आहेत बाबा. ते एक इंजेक्शन नाही.” तिचा आवाज तेवढा एकदाच हलला.

सजवलेली कार उभी होती, पण कारमध्ये आडवं नाही करता येत. रुखवत आणलेला छोटा हाथी उभा होता, सामान वाहायचा टेम्पो, मागून मोकळा. आंदणातली नवी गादी त्यात टाकली. आठ जणांनी गुलाबरावायले उचललं. आडवंच, आडवंच, मी ओरडत होतो, लेव्हलमध्ये! पायाखाली आंदणातल्याच चार उशा. अभिनव घोडीवरून उडी मारून फेट्यासकट ड्रायव्हरच्या जागेवर. “पापा को कुछ नहीं होगा ना?” तो मोनाले इचारे. मोना म्हणाली, “सामने देखो. चलाओ.” नवऱ्यासोबतचं तिचं त्या दिवसातलं तेवढंच बोलणं.

गेटवर धुमालची गाडी आडवी! मी डोकं लावलं. म्हटलं, “बाजूले नका घेऊ. पुढं चला! वाजवत चला!”

अन् मंग आमी निघालो. पुढं धुमाल, भोंग्यायनं अख्खा रस्ता हादरवत. मागं छोटा हाथी, त्यात गादीवर वरबाप, पाय आभाळाकडं, उशाशी शालूतली नवरी, नाडीवर बोट ठेवून. मी त्यायचे खांदे दाबून. सुशीलाबाई देवाचं नाव घेत. लोकं बाजूले होऊन रस्ता देऊन राहिले होते. कोणी हात जोडत, कोणी नाचत. एका चौकात तं काही पोरं पंधरा पावलं आमच्या पुढं नाचले. मले हसू येऊन राहिलं होतं अन् त्याच वेळी मी मनात नवस बोलून राहिलो होतो. देवाशपथ, दोन्ही सोबत. ‘हा माणूस मेला तं मी मारला,’ हे एक वाक्य डोक्यात, अन् कानात तो ताशा. वेड लागायची पाळी.

“नाडी आहे?” मी दर मिनिटाले.

“आहे. बाबा, गप्प बसा, मले मोजू द्या.”

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. नव्या सफारीची पँट कैचीनं मांडीपर्यंत कापली. ती कडक इस्त्री! मांडीत इंजेक्शन गेलं. सलाइन दोन्ही हाताले. प्रेशर सत्तरवर होतं. डॉक्टर पोरगंच होतं, मोनाच्या वयाचं. मी मशीनकडं पाहत उभा, गेजकडं पाहाचो तसा. सत्तर. शहात्तर. ब्याऐंशी. पाच मिनिटांनी पुन्हा इंजेक्शन. पंच्याण्णव! मी तिथं पंप हाउससारखाच ओरडलो, “आलं! हेडरवर आलं!” दोन सिस्टर अन् एक वॉचमन घाबरून पळत आले.

एकशे दहा. माझा जीव भांड्यात पडला अन् मी स्ट्रेचरच्या बाजूच्या फरशीवरच बसकण मारली.

डॉक्टर म्हणाले, रातभर ठेवा लागन, हे काही तासानं पुन्हा उलटू शकते. म्हटलं ठेवा. लग्न उद्या. कुरुदले फोन करून सांगितलं का पंगती वाढून घ्या, बुंदी खराब होईन. शेवंता फोनवर म्हणाली का शेषराव अन् रामाजी एका ताटावर बसले आहेत, पण रुळाचं भांडण मिटलं नाही.

चार वाजता मले आत सोडलं. गुलाबराव उशी न घेता सपाट पडले होते. मिशीचा पीळ सुटला होता. सुशीलाबाई चहा प्यायले गेल्या होत्या. मी स्टूल ओढलं. चादर दोनदा सारखी केली. शेवटी म्हटलं, “व्याहीबुवा, माफी मागाची आहे.”

“चहासाठी?”

“नाही हो. मी तुमाले उचललं. तुमी जड झाले तं मले वाटलं डाव करून राहिले. म्हणून मी अजून उचललं. डॉक्टर म्हणाले का त्याच वेळी जीव गेला असता. माशीनं नाही, मीच मारलं असतं तुमाले.”

ते छताकडं पाहतच म्हणाले, “तुमी लोखंडावर भांडून राहिले होते ना, तवाच मले समजलं होतं. घसा आवळला होता. खुर्चीतच डोळ्यापुढं अंधारी आली.”

“मंग बोलले कावून नाही?” माझा राग उसळलाच. “दहा मिनिटं होती तुमच्याजवळ! तोंड नव्हतं?”

“काय बोलू?” ते म्हणाले. “पोरीचं पाऊल अजून घरात नाही पडलं अन् सासरा दारातच पडला. आमच्या लोकायले मी ओळखतो तेजरामजी. पांढऱ्या पायाची म्हणून जन्मभर तिले टोचलं असतं. म्हटलं भेट होऊ द्या, मांडवात जाऊन बसलो का मंग पाहू. दोन मिनिटाचा तं प्रश्न होता.”

सहा महिने मी या माणसाले काय काय समजलो होतो! अन् हा माझ्या पोरीसाठी उभा राहिला होता, पायात जीव नसताना.

मागं पावलं वाजली. मोना. हातात चार्ट, अंगात तोच शालू, वर दवाखान्याचा पांढरा कोट. तिनं सगळं ऐकलं होतं. मले वाटलं आता रडन, पाया पडन. ती आली, चार्ट पलंगावर आपटला अन् सासऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाली, “अन् मेलेच असते तं? मंग कोणत्या पायाची म्हणाले असते मले?”

गुलाबरावायचा हात सुटलेल्या मिशीकडं गेला.

“चक्कर आली तं सांगाचं,” मोना म्हणाली. आवाज तसाच कडक. “मान गेला खड्ड्यात. मले सासरा पाहिजे. समजलं का बाबा?”

“समजलं,” गुलाबराव म्हणाले, अन् त्यायचे डोळे वाहायले लागले. मी तं भिंतीकडं तोंड करून आधीच भोकाड पसरलं होतं.